पाचशे बारा मारुती

"मॅडम, बूट बाहेर काढा."

गोडाऊनच्या शटरखाली बापू शेवते हात आडवा घालून उभे होते. कपाळाला गंध, अंगात पांढरा सदरा, तोही इस्त्रीचा. मी सकाळच्या एसटीनं फलटणहून शिरवळला उतरून तशीच साइटवर आलेली, पोटात चहाचा घोट नाही.

"बापू, साइटवर सेफ्टी शूज घालतात. काढत नाहीत," मी म्हणाले.

"ते मंगळवारपातूर. आता आत देव हाय."

"कुठला देव?"

बापूंनी नुसतं वर बोट केलं.

मी वर बघितलं. अकरा मीटर उंचीवर छताखाली लाल पाइप ओळीनं गेलेले, आणि दर तीन मीटरवर पाइपाला लोंबणारा स्प्रिंकलर. मंगळवारी मी दसऱ्याला घरी गेले तेव्हा ते सगळे चकचकीत पितळी होते. आता एकूण एक शेंदरी होते. पाचशे बारा. मला मोजायची गरज नव्हती, बसवताना मीच मोजले होते.

"अगं आई गं!" मी म्हणाले, आणि खाली जमिनीवरच बसले.

"बसा, बसा," बापू म्हणाले. "दर्शनाला बसूनच बरं पडतं. उभ्यानं मान दुखती."

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत साइट इंजिनियर होते. एकटीच्या अंगावर सोपवलेली माझी ही पहिली साइट. सुखनिद्रा नावाची गाद्यांची कंपनी होती, तिचं हे नवं गोडाऊन. फोमच्या गाद्या म्हणजे आगीचं आवडतं खाणं. म्हणून छतभर स्प्रिंकलर. ज्यांनी कधी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते: पाइपातल्या पाण्याच्या तोंडाशी काचेची एक छोटी नळी बूच म्हणून बसवलेली असते, शेंगदाण्यापेक्षा थोडी लांब. आत लाल द्रव. खाली आग लागली, वर अडुसष्ट अंश गरम झालं, की द्रव फुगतो, काच फुटते आणि पाणी सुटतं. वीज नको, बटण नको, माणूस नको. फक्त त्या काचेला गरमी लागली पाहिजे. तिच्यावर रंगाचा एक हातसुद्धा चालत नाही. आणि बापूंनी तिच्यावर अंगठ्याएवढा जाड शेंदूर थापला होता, तेलात कालवून, मारुतीला चढवतात तसा.

बापू सुखनिद्राचे गोडाऊन कीपर. साठीला आलेले, शब्दाचे पक्के, कामाला वाघ. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, मोटारीला हार घालतात, ते सगळं मला मान्य आहे. माझ्या वडिलांनी तर एकदा मिक्सरला हळदकुंकू लावलं होतं. पण बापूंचा हिशेब जरा खोल गेला होता.

"बाकीच्या मशिनींना हळदकुंकू लावलं," ते मला समजावत होते. "फोर्कलिफ्टला हार घातला. पर हे काम आगीचं. आगीतनं शेपटी पेटवून कोण भाईर आलं? मारुतीच ना? मग शेंदूर नको?"

"पाचशे बारांना?"

"एकाला लावायचा आन् दुसऱ्याला न्हाई, असं कसं चालंल? ज्याला लावला न्हाई तो रुसला तर?"

"आणि वर गेलात कसे?"

"पाइप बसवायच्या लिफ्टीच्या पाळण्यात. हुसेननं शिकवलंय मला चालवायला. तीन दिवस लागले. जेवाय बी वरच बसलो."

त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं. मेन व्हॉल्व्हच्या चाकाला रुईच्या पानांची माळ. डिझेल पंपापुढे फुटलेला नारळ. चपला काढायची जागा खडूनं आखलेली.

आणि अकरा वाजता तपासणी होती.

त्या तपासणीचा कागद सोमवारी हातात नसेल तर गाद्यांचे ट्रक आत घेता येणार नव्हते. आमचे पळसुले साहेब फोनवर स्वच्छ बोलले होते, "नाळे, आज सही झाली तर तू पर्मनंट. नाही झाली तर सोमवारी ऑफिसात यायची तसदी घेऊ नकोस." आणि माझी नोकरी गेली की घरी माळशिरसचं एक स्थळ दबा धरून बसलं होतं. खताचं दुकान, एकुलता एक, बोलताना दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा. नोकरी आहे म्हणून मी दोन वर्षं तो विषय अडवून धरला होता.

मी फिटर हुसेनभाई शिकलगारांना गाठलं. हुसेनभाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पाइपाच्या कामात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. ते बाहेर स्टोव्हवर चहा करत होते.

"हुसेनभाई, तुम्ही कुठे होतात?"

"सुट्टीवर, मॅडम. तुमच्यासारखाच. सकाळी आलो तर हे."

"निदान दारापासच्या चार ओळी काढता येतील का अकराच्या आत? नवे येईपर्यंत..."

"मी?" त्यांनी चहाची गाळणी खाली ठेवली. "मॅडम, माझं नाव काय?"

"हुसेन."

"मग? हुसेन शिकलगारनं शनिवारच्या दिवशी मारुतीच्या मानेला पाना लावला, असं पेपरात छापून यायला पाहिजे का तुम्हाला? माझी पोरं शाळेत जातात."

आणि काढले असते तरी नवे कुठून आणायचे? लेप बसलेला स्प्रिंकलर पुसून चालत नाही, बदलावाच लागतो, असा नियम. पाचशे बारा नवे पुण्याहून यायला आठ दिवस. माझ्याकडे कुलपात सुटे सहा होते. ते कपाटात होते म्हणूनच पितळी राहिले होते.

पळसुले साहेबांना फोन लावला. ते आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "लांबून दिसतं का?"

"साहेब, गावातून दिसत असेल."

"डिझाइन म्हणून सांग. कलर कोडिंग."

मी फोन ठेवला.

अकराला पाच कमी असताना सणस साहेबांची जीप आली. तपासणी अधिकारी म्हणून त्यांचा दरारा मोठा. मूळचे आगीच्या बंबावरचे, डाव्या कानाजवळ भाजल्याची खूण. एका ठिकाणी त्यांनी हातपंपाचा दांडा अर्धा इंच आखूड म्हणून आख्खी इमारत नापास केली होती असं सांगत. मी फाइल छातीशी धरून पुढे गेले. मनात म्हटलं, ज्योत्स्ना, माळशिरसला पाणी बरं आहे म्हणतात.

साहेब शटरखाली आले. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या.

"आज शनिवार," ते हळू आवाजात म्हणाले. "मला उपास असतो. सकाळी देवळात जायचं राहिलं म्हणून रुखरुख लागली होती बघा. कुणी केलं हे?"

"मी, साहेब," बापू पुढे झाले.

"सगळे?"

"पाचशे बारा."

सणस साहेबांनी बापूंच्या पायाला हात लावला! बापूंनी त्यांना उठवून गूळफुटाणे दिले. दोघं अनवाणी गोडाऊनभर फिरले. मी मागून फाइल घेऊन, तीही अनवाणी, पायाला सिमेंटची कच लागत होती. साहेबांनी पंप चालवून बघितला, चालला. दाब बघितला, बरोबर. टाकी बघितली, काठोकाठ. मग ते एका क्रेटवर बसले आणि फॉर्म भरायला लागले. बाविसाव्या प्रश्नाशी त्यांचं पेन थांबलं.

"स्प्रिंकलरवर रंग अथवा अन्य लेप आहे काय," त्यांनी वाचलं.

त्यांनी पुन्हा वर बघितलं.

"हा काही रंग म्हणता येणार नाही," साहेब म्हणाले.

"अजिबात न्हाई," बापू म्हणाले.

"लेप म्हणजे प्लास्टर, डांबर, असलं काही. हा चोळा आहे, देवाच्या अंगावरचा. चोळ्याचा फॉर्ममध्ये उल्लेख नाही. आणि 'होय' लिहिलं तर हे काढायला सांगावं लागेल. मी सांगू? माझ्या हातून?" त्यांनी कानाला हात लावला आणि लिहिलं, "नाही."

खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की पायातली कचसुद्धा टोचेनाशी झाली. माझं काय जात होतं? मी लावला नव्हता शेंदूर. मी तपासलं नव्हतं. सही त्यांची, श्रद्धा बापूंची, नोकरी माझी. साहेबांनी शेवटचं पान उलटलं.

बापू माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आनंदानं त्यांना बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

"मॅडम, सोमवारी शिलाईच्या बायका येतील. चाळीस जणी. पैल्या शेडात त्या भाईर झाडाखाली जेवायच्या, आत बसाय आगीला भ्यायच्या. मी त्यास्नी सांगितलंय, आता वर माळ्यावर बसा, दार लावून निवांत जेवा. आता भ्यायचं काम न्हाई."

माळा म्हणजे गोडाऊनच्या मागच्या टोकाला, गाद्यांच्या थप्प्यांच्या पलीकडे. उतरायला एकच जिना.

"साहेब, सही थांबवा," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय झालं?"

"मला एक काढून तपासायचाय. तुमच्यासमोर."

"अहो बाई, मी पास करतोय!"

"म्हणूनच."

हुसेनभाईंनी कपाळाला हात लावला. पाना मीच घेतला. व्हॉल्व्ह बंद करायला रुईची माळ बाजूला सारावी लागली, तेव्हा बापूंनी डोळे मिटले. पाइप रिकामा केला आणि मी लिफ्टमध्ये चढले. सणस साहेबही चढले, त्यांना जवळून दर्शन घ्यायचं होतं. वर पोचल्यावर त्यांनी हात जोडले आणि मी पाना लावला. आता पाइप रिकामा केला तरी आत थोडं पाणी उरतंच, हे मला पाठ होतं, पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. स्प्रिंकलर निघाला आणि पाइपातलं महिनाभराचं काळं, तेलकट, कुजक्या वासाचं पाणी भसकन साहेबांच्या डोक्यावर आलं.

साहेबांनी डोळे मिटूनच ओंजळ पुढे केली. तीर्थ तोंडाशी नेलं. मग वास आला.

"राम राम राम," ते थुंकत म्हणाले. ते जप करत होते की शिव्या देत होते, मला कळलं नाही.

खाली हुसेनभाईंच्या स्टोव्हवर मी पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. वर एक सळई आडवी टाकली आणि तिला तारेनं दोन स्प्रिंकलर टांगले, वाफेत, शेजारी शेजारी. एक कपाटातला कोरा आणि एक बापूंचा. सणस साहेब ओल्या डोक्यानं मनगटावरचं घड्याळ बघत बसले. बापू गुडघ्यावर हात ठेवून उकिडवे. त्यांना जराही काळजी नव्हती, उलट कौतुकच होतं.

"माझा आधी फुटंल बघा," ते हुसेनभाईंना म्हणाले.

"चहाची पैज," हुसेनभाई म्हणाले.

कोरा पाऊण मिनिटात फुटला. टिच्च आवाज आला, काचेनं धरून ठेवलेलं झाकण पातेल्यात पडलं.

"हां, आता," बापू म्हणाले.

एक मिनिट झालं. शेंदूर वाफेनं चमकायला लागला. दीड मिनिट. बापू थोडे पुढे सरकले. दोन मिनिटं. हुसेनभाईंनी स्टोव्हला पंप मारला, बापूंसाठीच मारला असणार, कारण पैज ते स्वतः आधीच जिंकले होते. अडीच. शेंदराचा एक थेंब सुटून पाण्यात पडला आणि पाणी शेंदरी झालं. तीन मिनिटं. "फुट की रं," बापू पुटपुटले. आता कुणी हसत नव्हतं. सणस साहेबांनी घड्याळावरून नजर काढली होती आणि ते नुसते त्या शेंदरी गोळ्याकडे बघत होते. मला वाटतं त्या वेळी त्यांच्यातला भक्त उठून गेला आणि बंबावरचा माणूस येऊन बसला.

चार मिनिटं उलटून गेल्यावर तो फुटला. बापूंनी टाळी वाजवली. वाजवली एकदाच, आणि हात तसेच राहिले.

"चार मिनिटं," सणस साहेब म्हणाले. "फोमच्या आगीत चार मिनिटांनी आम्ही माणूस शोधायला जात नाही, बापू. नंतर जातो."

बापूंनी हात खाली घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निवृत्ती तेवढाच वेळ वरडत व्हता."

"कोण निवृत्ती?"

"भाऊ माझा. धाकटा. जुन्या शेडात वाचमन व्हता. शेड पेटली तवा आत घावला." त्यांनी स्टोव्ह हातानं बंद केला. "भिंतीला लाल बाटल्या व्हत्या, मॅडम, आग विझवायच्या. चार. तेनं एक काढून दाबली, काय आलं न्हाई. दुसरी दाबली, काय आलं न्हाई. मी खिडकीतनं बघत व्हतो. दर खंडेनवमीला मीच तेस्नी शेंदूर लावायचो. नळीच्या तोंडाला. अकरा वर्सं."

त्यांनी सळईवरून फुटका स्प्रिंकलर काढून तळहातावर घेतला. तो गरम होता, चटका बसला असणार, पण त्यांनी टाकला नाही.

"मंजी मीच बुजवल्या का?"

मला त्या क्षणी स्वतःचा राग आला. चांगली सही होत होती, माणूस सुखात होता, आणि मी स्टोव्हवर पातेलं चढवून त्याला हे शिजवून दाखवलं होतं.

"नाही, बापू," मी म्हणाले. "त्या बाटल्या रिकाम्या होत्या. भरलेल्याच नव्हत्या. मालकांनी कधी भरूनच घेतल्या नव्हत्या. त्या आगीचा रिपोर्ट आहे, मी वाचलाय."

"रिपोर्ट हाय?"

"आहे."

बापूंनी मान वळवून सणस साहेबांकडे बघितलं. या खात्यातला माणूस, कागदावर आयुष्य काढलेला.

"रिकाम्याच होत्या," सणस साहेब म्हणाले. "मीही वाचलाय. शेंदराचं त्यात काही नाही."

बापूंनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग उठून उभे राहिले. "मग लिवा साहेब," ते म्हणाले. "इथलं काय ते खरं लिवा."

साहेबांनी बाविसावा प्रश्न खोडून तिथे "होय" लिहिलं आणि शेवटच्या पानावर "नापास". सर्व स्प्रिंकलर बदलून पुन्हा तपासणी. मी पळसुले साहेबांना फोन करून सांगितलं. ते जे बोलले त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की सोमवारी येऊ नकोस. मी ओलं डोकं पुसायला सणस साहेबांना टॉवेल दिला आणि त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. ते एका पायात बूट घालत, दुसऱ्यावर उभे होते.

"नाळे मॅडम," ते म्हणाले, "कुठला रिपोर्ट?"

"माहीत नाही, साहेब. मी तर जुनी शेड कुठे होती तेही बघितलेलं नाही."

"हं." त्यांनी नाडी बांधली. "असल्या लहान आगींचे रिपोर्ट कुणी करत नाही. माणूस गेला तरी."

आतून लिफ्टच्या मोटारीचा आवाज आला. मी वळून बघितलं तर बापू एकटेच वर चालले होते, हातात पाना. पहिल्या स्प्रिंकलरपाशी थांबले, नमस्कार केला आणि पाना लावला. हुसेनभाई खाली बादली घेऊन धावले.

सणस साहेब जीपमध्ये बसले, दार लावलं आणि काच खाली केली.

"बापू पुन्हा विचारतील," ते म्हणाले. "आज नाही, पण विचारतील. रिपोर्ट दाखवा म्हणतील."

"मग काय सांगू?"

"माझ्याकडे आहे म्हणून सांगा. आणि मला तुमचा पत्ता देऊन ठेवा. मला विचारलं तर मी सांगेन, तुमच्याकडे आहे."